झारेकरी

स्मेदिकच्या मागच्या अंगणात
सहा बाय आठची लाकडी शेड, खिडकीला पुठ्ठा.
आत मी, हातमोजे, आणि बरणीत बुडवलेली
टेलिफोन एक्स्चेंजची कार्डं.
त्यांतली निम्मी मीच बसवली होती
नव्वद साली, गुडघ्यांवर बसून, शिट्टी वाजवत.

"बागेसरीपुढे डोळे जाळू नकोस," अण्णा म्हणायचे,
"विजेचं काम शीक. हात काळे होणार नाहीत."
तासगावच्या पेढीवरची शेवटची फुंकणी
त्यांनीच खाली ठेवली, नि मला विमानात बसवलं.
आता बासष्टाव्या वर्षी
माझी नखं हिरवी आहेत.

पहिल्या दिवशी काहीच होत नाही.
तिसऱ्या दिवशी पाणी शेवाळी होतं
आणि पिनांवरचा मुलामा सुटून वर तरंगतो,
पेढ्यावरचा वर्ख वाऱ्याने उचलावा तसा.
पकडायला जावं तर नाही,
श्वास रोखावा तर आहे.

कुंदा स्वयंपाकघराच्या दारातून हिशेब सांगते:
आम्ल इतक्याचं, गाळणकागद इतक्याचे,
आणि तो मुखवटा, ज्यात तुम्ही बेडकासारखे दिसता.
तिचं बरोबर आहे. शिवाय एका रात्रीत
वाफेनं शेडमधलं सगळं लोखंड खाल्लं:
फावडं, कात्री, गवत कापायचं यंत्र,
शेजारच्या डेस्मंडने विश्वासाने ठेवलेली सायकल.
डेस्मंड काही बोलला नाही. चेनवरून बोट फिरवलं,
तांबडं बोट मला दाखवलं,
आणि चहा मागितला.

कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेतला तेव्हा
जांभूळ खाल्लेल्या जिभेचा रंग आला.
म्हणजे आहे. कुठेतरी आहे.
पण तळाशी बसलं ते तपकिरी,
आत्याच्या डबीतल्या मिश्रीसारखं.
सोनं आधी सोन्यासारखं दिसत नाही
हे सोनाराच्या मुलाला कुणी सांगितलं नव्हतं.
मी फेकणारच होतो.

तेव्हा आठवली सुगंधा झारेकरीण.
दिवाळीआधी यायची, अण्णांच्या पेढीची धूळ विकत घ्यायला.
पायरीखालची माती, चटईची झटकण,
बागेसरीतली राख, हात धुतलेलं पाणीसुद्धा.
अण्णा तिला पायरीवर बसू देत, आत नाही.
गटाराकाठी पाटी घेऊन ती बसायची,
पाटी हलवायची, हलवायची,
आणि शाळेतून येताना मी तोंड फिरवायचो.

सोनार झालो नाही ते नाहीच.
हे झालो.

ज्वेलरी क्वार्टरमधल्या दुकानात कसोटीचा दगड नसतो.
पोरगी बंदुकीसारखं यंत्र रोखते, पडदा बघते,
म्हणते, छान आहे, घरी केलंत?
दोन हिवाळे. मसुराएवढा मणी.
शून्य पूर्णांक शहाऐंशी ग्रॅम.
मी मनात गुंजांवर मोजलं: सात.
विकला नाही. कुंदा म्हणाली,
निदान आम्लाचे तरी सुटले असते.

खरा प्रश्न बादलीचा आहे.
वीस लिटर, पोपटी, झाकणावर वीट.
मोरीत ओतवत नाही, गुलाबांना घालवत नाही,
आणि रात्री खिडकीतून बघितलं
तर शेडच्या कोपऱ्यात कुणी बसलंय असं वाटतं.

कौन्सिलच्या कचराकेंद्रावर केशरी जाकिटातला मुलगा
फॉर्म पुढे करतो: आत काय आहे, लिहा.
मी लिहितो, तांबं, निकेल, कथील,
शिसं थोडं, लोखंड, आणि...
रकाना संपतो.
तो म्हणतो, थोडक्यात सांगा ना.
थोडक्यात, मी म्हणतो, सोनं सोडून सगळं.

तो हसत नाही. गुरुवारी या, म्हणतो,
विषाची गाडी गुरुवारी येते.
मी बादली परत मागच्या सीटवर ठेवतो,
लहान मुलाला लावावा तसा पट्टा लावतो,
आणि वीसच्या वेगाने, प्रत्येक खड्ड्याला थांबत,
घरी घेऊन येतो.